नाव बदललं, गिटार तशीच राहिली

प्रिय मावशी,

मानसिक त्रासातून जाणाऱ्या लोकांना आधार देणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी सहा वर्षं काम करतेय. आमच्याकडे डॉक्टर नाहीत, आधारगट चालतात, फोनवर ऐकून घेणारे कार्यकर्ते आहेत, घरच्यांसाठी वेगळा गट आहे. संस्था ताईंनी सुरू केली, त्या स्वतः खूप मोठ्या डिप्रेशनमधून बाहेर आल्यात आणि मी या कामात आहे ती त्यांच्यामुळेच. मागच्या वार्षिक कार्यक्रमात देणगीदारांसमोर त्यांनी आमच्या गटातल्या एका मुलाची गोष्ट सांगितली. नाव बदललं होतं पण तो रात्रपाळी करतो, गिटार वाजवतो, वडील गेल्यावर एका रात्री त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला, कुठे आणि कसा, सगळं सांगितलं. तो हॉलमध्येच मागे बसला होता. त्यानंतर तो गटात आला नाही. मी ताईंकडे विषय काढला तर म्हणाल्या, 'मी विचारलं होतं त्याला, हो म्हणाला होता. आणि आपण घर आहोत, घरात असा हिशोब मागत नाहीत.' आमच्या भिंतीवर सन्मान, गोपनीयता, समानता असं मोठ्या अक्षरात लावलंय. टीममध्ये कुजबुज चालू आहे, ताईंची तब्येत परत बिघडली असणार वगैरे. आणि आता ताईच म्हणतायत की पुढच्या वर्षापासून संस्था तू सांभाळ. मी हो म्हणू का? नाही म्हटलं तर पळून गेल्यासारखं वाटतं आणि हो म्हटलं तर हे सगळं गिळल्यासारखं.

– शेवटच्या रांगेतली

अगं, पत्र दोनदा वाचलं तुझं. पहिल्यांदा नुसता राग आला, दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं की पत्रात तू आहेस, ताई आहेत, टीम आहे, भिंतीवरची अक्षरं आहेत, पण तो मुलगा एका ओळीनंतर गायब होतो. 'त्यानंतर तो गटात आला नाही.' मग? कुणी फोन केला का त्याला? त्याच्यासोबत कुणी आहे का? वडील गेलेत, एकदा जीव द्यायचा प्रयत्न झालाय आणि ज्या एका जागी तो मोकळं बोलत होता ती जागाही गेली. आधी एकदा प्रयत्न झालेला असेल तर पुढचा धोका वाढलेला असतो हे तुमच्या ट्रेनिंगमध्ये नक्की सांगितलं असेल. तेव्हा संचालक व्हायचं की नाही ते आपण बघूच, पण आज आधी त्याची विचारपूस. ती कशी करायची ते शेवटी सांगते, कारण घाईत भलताच मेसेज गेला तर अजून दुखेल त्याला.

आता 'विचारलं होतं, हो म्हणाला होता' याबद्दल. ताई खोटं बोलतायत असं मला अजिबात वाटत नाही. विचारलं असणारच. पण अशा ठिकाणी कसं विचारलं जातं ते मी इतक्या वेळा बघितलंय की चित्र डोळ्यासमोर येतं, गट नुकताच संपलाय, खुर्च्या उचलणं चालू आहे, तो दाराशी बुटाची लेस बांधतोय आणि जाता जाता कुणीतरी म्हणतं, अरे तुझा प्रवास कार्यक्रमात सांगितला तर चालेल ना, नाव नाही घेणार, लोकांना खूप बळ मिळेल. तो काय म्हणणार गं? ज्या माणसाने आपल्याला सगळ्यात वाईट दिवसांत धरून ठेवलं त्या माणसाला नाही कसं म्हणायचं? त्या 'हो'मध्ये उपकार आहेत, संकोच आहे, नाही म्हटलं तर गटात आपल्याकडे वेगळ्या नजरेने बघतील ही भीती आहे. संमती त्यात असेलही, पण ती किती आहे ते विचारणाऱ्याला कळायचा मार्गच नाही.

म्हणून विचारणारा माणूस वेगळा हवा. ज्याच्या मदतीवर तो टिकून आहे त्याने हा प्रश्न विचारायचाच नाही, दुसऱ्या कुणीतरी विचारायचा. आणि 'तुझी गोष्ट सांगू का' असं मोघम नाही, जे सांगणार आहात ते कागदावर लिहून त्याच्या हातात द्यायचं, कोण ऐकायला असेल ते सांगायचं, व्हिडिओ निघणार आहे का, तो नंतर कुठे टाकणार, किती दिवस राहणार ते सांगायचं. एक आठवडा तरी विचार करायला द्यायचा. कार्यक्रम सुरू झाल्यावर, अगदी माईक हातात घेतल्यावरसुद्धा, त्याने लांबून मान हलवली तर ती गोष्ट वगळायची आणि त्याबद्दल त्याला नंतर कुणी एका शब्दाने विचारायचं नाही. एवढं सगळं केल्यावर जो हो येईल तो खरा. आणि हो, यात निम्मे लोक नाही म्हणतील. म्हणू देत, तेव्हाच कळेल की तुमच्याकडे नाही म्हणता येतं.

दुसरी गोष्ट, नाव बदललं म्हणजे माणूस लपला असं होत नाही. रात्रपाळी, गिटार, वडील गेलेले. एकेकटी माहिती घेतली तर अशी शंभर मुलं निघतील, तिन्ही एकत्र केली की त्या हॉलमध्ये एकच उरतो आणि तो शेवटच्या रांगेत बसलाय. तुम्ही नाव बदललंत आणि गिटार तशीच ठेवलीत. लोक गिटारवरूनच ओळखतात.

हे मी वरच्या पायरीवरून बोलत नाहीये. बरीच वर्षं मी हेल्पलाइनवर होते, आधी फोन घेणारी, मग नव्या लोकांना शिकवणारी. एका ट्रेनिंगमध्ये मी एका कॉलची गोष्ट सांगितली. नाव नव्हतंच, वय बदललं, नोकरी बदलली, फक्त त्या बाईचं एक वाक्य जसंच्या तसं ठेवलं कारण ते वाक्य फार बोलकं होतं आणि मला वाटलं शिकणाऱ्यांना त्यातून खूप काही कळेल. सेशन संपल्यावर एक मुलगी थांबली. सगळे बाहेर जाईपर्यंत वहीच्या स्पायरलमध्ये अडकलेले कागदाचे तुकडे एकेक करून काढत बसली होती. मग म्हणाली, मॅडम, हे वाक्य माझी बहीण म्हणते. घरात. भांडताना. मी तिच्याकडे बघत राहिले आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघावं, तर 'अगं पण मी नाव घेतलं नव्हतं'. मावशीसुद्धा तेच बोलली बघ, जे ताई बोलल्या. त्या क्षणी आपल्याला समोरच्या माणसाचं काय झालं हे दिसतच नाही, आपण नियम मोडला नाही एवढंच सिद्ध करायचं असतं. मी तो प्रकार माझ्या वरच्या बाईंना सांगितला, त्यांनी तो रजिस्टरमध्ये लिहायला लावला, माझ्याच हाताने, आणि मी काही आठवडे शिकवणं थांबवलं. मला शिक्षा वाटली नाही ती. उलट हलकं वाटलं, कारण लपवायचं काही उरलं नाही.

कुठे आणि कसा प्रयत्न केला हे स्टेजवरून सांगणं तर वेगळंच, ते संमती असती तरी सांगायचं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने माध्यमांसाठी ज्या सूचना काढल्या त्यात २००० सालापासून हेच म्हटलंय की पद्धतीचं आणि जागेचं तपशीलवार वर्णन टाळा, कारण आधीच काठावर असलेल्या ऐकणाऱ्यावर त्याचा परिणाम होऊ शकतो. तुमच्या हॉलमध्ये तर असे किती जण बसले असतील, तूच मोज. वर्तमानपत्राला जे लागू आहे ते तुमच्या कार्यक्रमाला दुप्पट लागू आहे.

आता ते 'आपण घर आहोत'. मला माहितेय हे प्रेमानेच म्हटलं जातं, आणि सुरुवातीला चारपाच जण असताना ते खरंही असतं. पण जरा विचार कर, तुमच्याकडे जे लोक येतात त्यातल्या किती जणांना घरातच ऐकून घेतलं गेलं नाही? किती जणांना घरातच सांगितलं गेलं की मोठ्यांना उलट विचारायचं नसतं, चार भिंतींतलं चार भिंतींत ठेवायचं असतं? तो माणूस तिथून उठून तुमच्याकडे आला आणि इथेही त्याला तेच ऐकू आलं तर त्याने आता कुठे जायचं? तुमच्या संस्थेने त्याला घरात न मिळालेली एक गोष्ट तरी द्यायला हवी. प्रश्न विचारूनही आपली जागा जात नाही, ही. घरात हिशोब मागत नाहीत हे ठीक आहे, पण संस्था दुसऱ्याच्या पैशावर आणि दुसऱ्याच्या दुःखावर चालते, तिथे हिशोब मागणारा माणूस घर मोडत नसतो.

ताईंनी तुला उत्तर दिलं तेव्हा खोलीत अजून कुणी होतं का? असेल तर त्यांनी काय केलं? माझा अंदाज, मोबाइल काढले असतील. हे मी खूप मीटिंगमध्ये बघितलंय, 'कुणाला काही बोलायचंय का' असं विचारलं की सगळ्यांचे अंगठे स्क्रीनवर फिरायला लागतात आणि मग मिनिट्समध्ये लिहिलं जातं, सर्वानुमते. एमी एडमंडसन नावाच्या संशोधिकेने हॉस्पिटलमधल्या टीमचा अभ्यास केला होता, १९९६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिला वाटलं होतं की चांगल्या टीममध्ये औषध देण्यातल्या चुका कमी सापडतील, आकडे निघाले उलटे, चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त. खोलात गेल्यावर उलगडा झाला, त्या टीम चुका लपवत नव्हत्या, तिथली नर्स वरच्या माणसाला न घाबरता सांगत होती की माझ्याकडून हे झालं. तेव्हा तुमच्या संस्थेत गेल्या वर्षभरात चुकीची एकही नोंद नसेल तर खूश होऊ नका, काळजी करा.

एक गोष्ट मात्र तुमच्या टीमला सांग, आणि जरा कडक आवाजात सांग. ती कुजबुज बंद. ताईंची तब्येत बिघडली असणार, गोळ्या सोडल्या असणार, हे जे चाललंय ना ते त्या मुलासोबत झालं त्याच्याच जातकुळीतलं आहे. आयुष्यभर तुम्ही बाहेरच्या जगाला सांगता की माणूस म्हणजे त्याचा आजार नव्हे, आणि ताईंचा एक निर्णय पटला नाही की लगेच तुम्हीच त्यांची फाइल उघडून बसता. निर्णय चुकला, तर निर्णयाबद्दल बोला. चुका काय फक्त आजारी माणसंच करतात का? ताईंच्या तब्येतीची खरंच काळजी असेल तर ज्याची त्यांच्याशी जवळीक आहे त्याने एकट्याने जाऊन विचारावं, ताई झोप होतेय ना, एवढंच. आणि पुढे जाऊन अशी पद्धतच ठेवा की संस्थेत कुणीही, तूसुद्धा, बरं नसण्याच्या काळासाठी बरं असताना लिहून ठेवेल, मला काय होतं तेव्हा कसं दिसतं, तेव्हा काम कुणाकडे द्यायचं, मला कुणी फोन केलेला आवडेल, कुणी नको. सगळ्यांनीच लिहिलं की ते कुणा एकावर बोट ठेवल्यासारखं राहत नाही.

ताईंबद्दल अजून एक वाटतं मला, चुकत असेन तर सोडून दे. त्यांनी स्वतःची गोष्ट शेकडो वेळा सांगितली असणार. त्यांना ती सांगून बरं वाटलं असणार, माणसं जोडली गेली, संस्था उभी राहिली. ज्याला सांगून बरं वाटलं त्याला मनापासून वाटतं की सांगणं हेच औषध. पण ताईंनी आपली गोष्ट स्वतःच्या तोंडाने, स्वतःला पाहिजे तेव्हा, पाहिजे तेवढी सांगितली. त्या मुलाची गोष्ट दुसऱ्याने सांगितली. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, पण ज्याची गोष्ट आहे त्याला विचार.

संस्थापकाने बाजूला होण्याबद्दल एक जुनी हकीकत सांगते, मला ती फार आवडते. १९५३ मध्ये लंडनमध्ये चॅड वारा नावाच्या पाद्रींनी आत्महत्येच्या विचारात असलेल्या लोकांसाठी एक फोन नंबर सुरू केला, त्यातूनच पुढे समॅरिटन्स ही संस्था उभी राहिली. समुपदेशन ते स्वतः करणार होते, बाकीचे साधे स्वयंसेवक बाहेरच्या खोलीत वाट बघणाऱ्यांजवळ नुसते बसायचे. काही दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की बरेचसे लोक त्या बाहेरच्या खोलीतच बोलून मोकळे होतात, आत त्यांच्यापर्यंत यायची गरजच पडत नाही. १९५४ च्या फेब्रुवारीत त्यांनी लोकांशी बोलायचं काम रीतसर स्वयंसेवकांकडे सोपवलं. म्हणजे वर्षसुद्धा झालं नव्हतं. स्वतः सुरू केलेल्या कामात आपल्यापेक्षा बाहेर बसलेल्या माणसाचा जास्त उपयोग होतोय हे दिसणं, आणि दिसल्यावर ते मान्य करणं, मला वाटतं नेतृत्व म्हणतात ते बरंचसं हेच आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसवाल्यांनी, म्हणजे दारू सोडू बघणाऱ्यांच्या आधारगटांनी, तर हे लिहूनच ठेवलं, १९३५ ला सुरू झालेली ती चळवळ, १९५० मध्ये त्यांनी आपल्या बारा परंपरा स्वीकारल्या, त्यातल्या एकीचा आशय असा की आमचे पुढारी हे विश्वासाने नेमलेले सेवक आहेत, ते राज्य करत नाहीत. आणि पद फिरत राहावं याकडे त्यांचा कल आहे. पटो न पटो, पण कागदावर आहे, त्यामुळे कुणालाही बोट ठेवून दाखवता येतं.

तुमच्याकडे कागदावर काय आहे? भिंतीवर तीन शब्द आहेत. वाईट नाहीत ते, पण शब्दाला हातपाय लागतात. उद्या संस्थेत गेलीस की दार उघडल्यापासून बघत जा. हजेरीचं रजिस्टर टेबलावर उघडं आहे का, आलेला प्रत्येक माणूस सही करताना वरची दहा नावं वाचतो का? गटाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे का, आणि त्यात प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर, डीपी, बायकोमुलांसकट दिसतो का? ही झाली गोपनीयता. गोपनीयतेची मर्यादा कुठे आहे, म्हणजे जीवाला धोका दिसला तर आम्ही कुणाला आणि कसं सांगू, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगता की वेळ आल्यावर? समानतेचं बघायचं तर त्रासातून गेलेली माणसं तुमच्याकडे गोष्टी सांगायलाच आहेत की पैसे कुठे खर्च करायचे हे ठरवायलाही बसतात? बोर्डावर असा एकच माणूस असेल तर तो शोभेचा होतो, त्याच्या बाजूने मान हलवायला दुसरा तरी हवा. आणि सन्मान. कुणी यायचं बंद झालं तर तुम्ही काय करता यावर कळतो तो. त्या मुलाच्या बाबतीत उत्तर तुला माहितेय.

तर मग हो म्हणायचं का? मी म्हणेन, म्हण, पण अटी घालून, आणि अटी तोंडी नकोत. त्या मुलाची माफी आणि कार्यक्रमाचा व्हिडिओ कुठे टाकला असेल तर तो आधी काढणं, ही पहिली, आणि यावर घासाघीस नाही. मग ताई पुढे काय करणार हे तारखेसकट लिहून. त्या सल्लागार असतील तर असू दे, असाव्यातच, पण कुठला निर्णय कुणाचा हे नक्की पाहिजे, नाहीतर खुर्ची तुझी आणि फोन ताईंना असं होतं, टीमही आधी तिकडे विचारते आणि मग तुझ्याकडे येते, आणि यात ताईंचीही चूक नसते कारण कुणी ठरवूनच दिलेलं नसतं. तिसरं, तक्रार करायची असेल तर तुझ्यावरून आणि ताईंवरून न जाणारा एक रस्ता, बाहेरचा एखादा माणूस ज्याचा तुमच्यापैकी कुणाशी घरोबा नाही. आणि तुझ्याही पदाला मुदत. तीन वर्षं म्हण, चार म्हण, पण शेवट लिहिलेला असू दे. आज तुला हसू येईल पण पंधरा वर्षांनी तूही कुणाला तरी म्हणशील की अगं आपण घर आहोत.

अजून एक अट, ती तू विसरशील म्हणून मी घालते. सुपरव्हिजन, म्हणजे आपल्या कामाबद्दल कुणा अनुभवी माणसाशी नेमाने बोलणं. बर्नआउट, म्हणजे कामाने आतून पार थकून जाणं, हा शब्द मानसिक आरोग्याच्या लिखाणात ज्यांनी आणला त्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गरनी १९७४ मध्ये तो लिहिला तो कुठल्या मोठ्या कंपनीतल्या लोकांबद्दल नाही, फ्री क्लिनिकमध्ये, म्हणजे मोफत दवाखान्यात, स्वतःहून काम करणाऱ्या, तुझ्यामाझ्यासारख्या लोकांबद्दल, आणि त्यात ते स्वतःही होते, दिवसभर प्रॅक्टिस करून रात्री तिथे जायचे. त्यांचं निरीक्षण असं की जे सगळ्यात झोकून देतात तेच आधी विझतात. तेव्हा महिन्यातून दोनदा तरी तुला, आणि फोन घेणाऱ्या प्रत्येकाला, कुणापाशी तरी बसून मन रिकामं करायला मिळालं पाहिजे, त्यासाठी बजेटमध्ये ओळ पाहिजे, आणि रात्री ठरलेल्या वेळेनंतर ज्याची ड्युटी आहे त्याचाच फोन चालू राहील, बाकीच्यांचे बंद. संचालकाचा तर पहिला बंद, म्हणजे बाकीच्यांना बंद करताना अपराधी वाटणार नाही. ताईंना हे कधीच मिळालं नसणार. रात्री दोनला फोन घेणं आणि सकाळी डोनरसमोर उभं राहणं हे एकाच माणसाने इतकी वर्षं केलं तर कुणाचं दुःख कुठे संपतं आणि भाषण कुठे सुरू होतं याची रेषा पुसट होणारच. मी त्यांना माफ कर म्हणत नाहीये, तो हक्क त्या मुलाचा. पण बोलायला जाशील तेव्हा हे मनात ठेव.

बोलायला जाशील ती वेळ ठरवून जा. गट संपल्यावर नको, टीमसमोर नको, फोनवर तर नकोच. सुरुवात मूल्यांपासून करू नकोस, 'आपली मूल्यं' हे शब्द कानावर पडले की समोरचा माणूस बचावाला उभा राहतो. जे बघितलंस तेच सांग. ताई, मी शेवटच्या रांगेत होते, तुम्ही वडिलांचं बोललात तेव्हा तो उठून गेला, दार हळू लावलं त्याने, त्यानंतर आला नाही. म्हणजे असंच झालं असेल तर, तू जे डोळ्यांनी बघितलंस ते. मग गप्प बस. ताई रडतील कदाचित, किंवा चिडतील, किंवा संस्थेसाठी काय काय केलं ते सगळं सांगतील, आणि ते सगळं खरंच असेल. तू ऐक, तुला ऐकायला येतं, सहा वर्षं तेच केलंयस. फक्त त्यांचं वाईट वाटतंय म्हणून 'जाऊ दे ताई' म्हणू नकोस. त्या वाक्याने तुझा सगळा विषय संपेल आणि तो मुलगा परत एकदा मागे राहील. शेवटी एकच प्रश्न विचार, आपण दोघी मिळून त्याची माफी मागू शकतो का?

त्या हो म्हणाल्या तर पुढचं सगळं जमण्यासारखं आहे. नाही म्हणाल्या, आणि थोड्या दिवसांनी परत विचारल्यावरही नाहीच म्हणाल्या, तर मग तूही नाही म्हण, आणि त्याला पळणं म्हणू नकोस. ज्या खुर्चीला निर्णय बदलायचा अधिकार नाही त्या खुर्चीवर बसून तू फक्त पुढच्या चुकीवर सही करशील. जायचं ठरलं तर एक कर, ज्या लोकांना तू बघतेस त्यांना ते तुझ्याच तोंडून कळू दे, आणि त्यांना कुणाकडे सोपवायचं ते त्यांना विचारून ठरव.

आता तो मेसेज. आज पाठवायचा. त्यात संस्थेची बाजू नको, 'ताईंचा हेतू चांगला होता' हे तर अजिबात नको, आणि गटात परत ये असंही नको, कारण त्याने परत येणं हे तुमच्या अपराधीपणावरचं औषध आहे, त्याची गरज काय आहे ते त्यालाच माहीत. साधारण असं लिही, तुझ्या शब्दांत बदलून:

'कार्यक्रमात तुझ्याबद्दल जे बोललं गेलं ते बोलायला नको होतं. मी तिथे होते आणि मी काही केलं नाही, आणि नंतरही तुला लगेच फोन केला नाही. दोन्हीबद्दल सॉरी. तू कसा आहेस? मरून जावं असे विचार परत येतायत का? येत असतील तर मला कधीही सांग, मी ऐकेन आणि मदत मिळवायला तुझ्यासोबत राहीन. माझ्याशी बोलायचं नसेल तर दुसरं कुणी शोधून देते, आमच्या संस्थेबाहेरचं. उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही. पण मला काळजी वाटतेय म्हणून उद्या संध्याकाळी एकदा फोन करेन, नको असेल तर तसं लिही, पण ठीक आहेस एवढं तरी कळव.'

तो प्रश्न थेट विचारायला घाबरू नकोस, विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, हे तू दुसऱ्यांना शिकवलं असशील. आणि त्याच्या उत्तरात किंवा उद्याच्या फोनवर तुला जराही धोका वाटला तर एकटी सांभाळत बसू नकोस, तातडीची मदत ज्या कुणाकडून मिळते तिथे लगेच कळव, त्याच्या जवळच्या माणसाला कळव, आणि कळवतेयस हे शक्य झालं तर त्यालाही सांग. त्याने 'नको' लिहिलं आणि ठीक असल्याचं कळवलं तर तिथेच थांब, परत परत मेसेज नको.

आणि पाठवायच्या आधी ताईंना दाखवायची गरज नाही गं.

– मावशी